लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलच्या पुंगळ्या पुन्हा मापात आणणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीच्या एका टूलरूममध्ये डाय बनवताना मी मापं शिकलो, आणि पेनसिल्व्हेनियात शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरायला. या राज्यात हरणाच्या शिकारीला अर्धस्वयंचलित रायफल पिढ्यान्‌पिढ्या चालत आली नाही. त्यामुळे विंचेस्टर ९४ आणि मार्लिन ३३६ सारख्या लिव्हरच्या (ट्रिगरजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस चढवायच्या) रायफली इथे घरोघरी आहेत, आणि आता काही मराठी घरांतही आल्या आहेत. मला येणारे बहुतेक प्रश्न त्या घरांतले असतात.

शब्दांबद्दल थोडं. 'पुंगळी' म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. बातम्यांत 'रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असं वाचतो तीच. .३०-३० ची पुंगळी बाटलीसारखी असते: मागचं टोक म्हणजे बूड, त्याची बाहेर आलेली कड म्हणजे रिम, मधला भाग अंग, उतार म्हणजे खांदा, आणि गोळी धरते ती मान. 'थाऊ' म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. कारखान्यात काम केलेल्यांना तो सांगावा लागणार नाही. दुसरं काही म्हटलेलं नसेल तर उदाहरण .३०-३० विंचेस्टरचं आहे.

१. रीसायझिंग म्हणजे नेमकं काय? उडवलेली पुंगळी तशीच पुन्हा भरली तर काय बिघडतं?

गोळी सुटताना .३०-३० मधला दाब ४२,००० पीएसआयच्या (चौरस इंचावर पौंड) मर्यादेपर्यंत जाऊ शकतो. त्या दाबाने पितळ फुगून चेंबरच्या (काडतूस बसायच्या जागेच्या) भिंतीला घट्ट बसतं आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ते आकसतं, पण पूर्वीइतकं नाही. मान सैल राहते, म्हणजे नवी गोळी तिच्यात धरून राहणार नाही. अंग आणि खांदा चेंबरच्या मापाचे होतात, म्हणजे पुढच्या वेळी लिव्हर अडखळेल.

रीसायझिंग डाय पुंगळीला बाहेरून दाबून पुन्हा लहान करते. प्रेसचा दांडा खाली ओढला की पुंगळी डायमध्ये वर जाते आणि मधली पिन जुना प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) ढकलून काढते. दांडा वर नेला की मानेतून एक्सपांडर बॉल (मान आतून रुंदावणारी गुंडी) ओढला जातो आणि मानेचं आतलं माप ठरतं. एका हालचालीत तीन कामं होतात, म्हणून चूक नेमकी कशात झाली ते पटकन कळत नाही.

२. हे भारतात करता येतं का? आणि अमेरिकेत एच-१बीवर असताना?

भारतात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे, आणि वन्य प्राण्यांची शिकार वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने बंद केली आहे. त्यामुळे गावाकडच्या आजोबांच्या जुन्या रायफलीसाठी पुंगळ्या कशा भराव्या, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: आधी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला विचारा, माझ्याकडे येऊ नका.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. राज्याचे नियम वेगळे असू शकतात, ते पाहून घ्या. पण एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना केंद्रीय कायदा बंदूक आणि दारूगोळा दोन्ही बाळगू देत नाही. याला काही अपवाद आहेत. आपल्या लोकांच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. मुदत संपली की अपवादही संपला. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत 'दारूगोळा' म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नव्हे. सुटी पुंगळी, प्रायमर, गोळी आणि बंदुकीची दारू हेही त्यात येतं. ग्रीन कार्ड ही वेगळी गोष्ट आहे. शंका असेल तर वकिलाला विचारा, रेंजवरच्या ओळखीच्या माणसाला नको.

आणि आठवण म्हणून एखादी रिकामी पुंगळी बॅगेत टाकून मुंबईला नेऊ नका. विमानतळावरच्या तपासणीत ती दिसते, आणि मग सुट्टीचे दिवस पोलीस ठाण्यात जातात.

३. सुरुवातीला काय काय घ्यावं?

एक साधा, जड, एका वेळी एकच पुंगळी घेणारा प्रेस. आपल्या काडतुसाचा डाय सेट. शेलहोल्डर, म्हणजे प्रेसमध्ये पुंगळीची रिम धरणारा तुकडा, ज्याचे नंबर कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून डायच्याच कंपनीचा घेतलेला बरा. वंगण, चांगला कॅलिपर, तोंड कापायचा ट्रिमर, आणि डोळ्यांना चष्मा. लिव्हरवाल्यांनी यात खांद्याचं माप घेणारा कंपॅरेटर धरावाच. तो का लागतो ते प्रश्न ५ आणि ६ मध्ये आहे. दारूचं वजन मी इथे कुठेही देणार नाही. ते छापील मॅन्युअलमधूनच घ्या, आणि किमान दोन मॅन्युअलं ताडून पाहा.

४. बोल्ट-अ‍ॅक्शनवाले मित्र फक्त मान दाबतात, पुंगळी जास्त टिकते म्हणतात. आपण तसं करावं का?

करू नये. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा तुकडा) फिरवून खाली पाडताना तिरक्या पृष्ठभागाची पाचर लागते आणि घट्ट पुंगळी आत ओढली जाते. लिव्हरमध्ये ती ताकद फार कमी आहे. रेंजवर तळहाताने लिव्हर ठोकून बसवता येईल, पण डिसेंबरच्या पहाटे हातमोजे घालून झाडावरच्या मचाणीत बसलेल्या माणसाचं दुसरं काडतूस अडकलं, की जखमी हरण निघून जातं. पुंगळी एक वेळ जास्त वापरता यावी म्हणून तो धोका पत्करणं मला पटत नाही.

शिवाय विंचेस्टर ९४ आणि मार्लिन ३३६ चा बोल्ट मागच्या टोकाला अडकतो. दाब आला की बोल्ट आणि रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो ती चौकट) किंचित लवतात, आणि पुंगळी पुढून अडकलेल्या बोल्टपेक्षा जास्त ताणली जाते. म्हणून पूर्ण लांबीचं रीसायझिंग, प्रत्येक वेळी. मात्र पूर्ण लांबी म्हणजे पूर्ण ताकद नव्हे.

५. .३०-३० ला रिम आहे, हेडस्पेस (बंद बोल्टपासून काडतूस टेकतं तिथपर्यंतची जागा) रिमवर मोजतात. मग खांदा कुठे आहे याने काय फरक पडतो?

माझ्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि पुंगळ्या अकाली तुटण्याचं मूळही इथेच.

हे काडतूस विंचेस्टरने १८९५ साली जॉन ब्राउनिंगच्या १८९४ च्या रायफलीसाठी बाजारात आणलं. रिम चेंबरच्या तोंडाशी टेकली की काडतूस जागेवर, अशी त्याची रचना. त्यामुळे चेंबर पुढे किती खोल आहे याला कारखान्याने फारसं जपलं नाही. उलट, धूळ, काजळी आणि वाकडीतिकडी काडतुसंही चालावीत म्हणून खांद्याच्या पुढे मोकळी जागा ठेवली. रिमसाठीची जागा ०.०६३ पासून ०.०७० इंचापर्यंत चालते, आणि पुंगळीची रिम बऱ्याचदा ०.०६३ पेक्षा पातळच निघते. म्हणजे मागेही थोडी फट, पुढेही थोडी फट.

पहिल्या वेळी पुंगळी ही सगळी जागा भरायला पुढे-मागे ताणली जाते. खांदा पुढे सरकून तुमच्या चेंबरपर्यंत किंवा त्याच्या जवळ पोचतो. इथवर ठीक आहे. आता डाय डब्यावरच्या सूचनेप्रमाणे शेलहोल्डरला दाबून बसवली, तर ती खांद्याला कारखान्याच्या लहानात लहान मापावर ढकलते. तुमच्या चेंबरपेक्षा ते १५ थाऊसुद्धा मागे असू शकतं. पुढच्या वेळी तेवढंच पितळ पुन्हा ताणलं जातं, आणि ते येतं बुडाजवळच्या भिंतीतून. तीन-चार फेऱ्यांत तिथे भिंत इतकी पातळ होते की पुंगळी दोन तुकड्यांत तुटते. पुढचा तुकडा चेंबरमध्येच राहतो आणि त्या दिवसाची शिकार संपते.

कागदावर हेडस्पेस रिमवर असू दे. दुसऱ्या वापरापासून पुढे तुम्ही खांद्यावर मोजायचं. रिम काडतुसाला पुढे घसरू देत नाही, पण पुंगळी किती ताणली जाणार हे खांदा ठरवतो.

६. मग डाय किती खाली बसवायची? आकड्यांत सांगा.

त्याच रायफलीतून नेहमीच्या भाराने (दारूच्या मापाने) दोन-तीनदा उडवलेल्या, डायमध्ये हलक्याच दाबलेल्या पुंगळ्या घ्या. .३०-३० चा दाब बेताचा असल्याने एका वापरात खांदा चेंबरला पूर्ण टेकेलच असं नाही. आधी वेगळ्या पिनच्या डायने जुने प्रायमर काढा. उडवलेला प्रायमर थोडा बाहेर आलेला असला तर माप खोटं येतं (प्रश्न १३ पाहा). मग कंपॅरेटरने बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घेऊन लिहून ठेवा.

प्रेसचा रॅम (शेलहोल्डर वर नेणारा दट्ट्या) वर करा, डाय शेलहोल्डरला टेकेपर्यंत फिरवा, आणि तिथून एक पूर्ण फेरा उलटी घ्या. वंगण लावून पुंगळी दाबा, मोजा. इथे नवखा माणूस गोंधळतो, कारण माप कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. ते बरोबर आहे. डाय अजून खांद्यापर्यंत पोचलेली नाही, फक्त अंग दाबते आहे, आणि दाबलेलं पितळ खांद्याला पुढे लोटतं. ही पुंगळी न दाबलेल्या पुंगळीपेक्षाही घट्ट बसेल.

आता डाय थोडी थोडी खाली आणा. डायचे आटे इंचाला १४ असतात, म्हणजे पूर्ण फेऱ्याला सुमारे ७१ थाऊ आणि अष्टमांश फेऱ्याला ९ थाऊ. शेवटी-शेवटी सोळाव्या भागापेक्षाही कमी फिरवावं लागतं. लिहून ठेवलेल्या मापापेक्षा खांदा २ ते ४ थाऊ मागे गेला की थांबा. बोल्ट-अ‍ॅक्शनला १-२ थाऊ पुरतात. लिव्हरला मी ३ ठेवतो, कारण प्रश्न ४ मध्ये सांगितलेली पाचर इथे नाही.

मग ती रिकामी, दाबलेली पुंगळी रायफलीत घालून लिव्हर बंद करा. हाताला काही जाणवलं नाही की लॉक रिंग (डाय त्या जागी पक्की ठेवणारी कडी) आवळा. कंपॅरेटर नसेल तर नुसत्या या हाताच्या खुणेवरही काम होतं: लिव्हर किंचित अडेल तिथपर्यंत या, आणि तिथून केसभर खाली. मी दोन वर्षं असंच केलं.

एक बारकावा. दाब आला की प्रेससुद्धा लवतो. डाय आणि शेलहोल्डरमध्ये पुंगळी नसताना फट नसते, पण पुंगळी आत असताना उजेड दिसतो. म्हणून माप नेहमी दाबलेल्या पुंगळीचं घ्या. डाय कुठे टेकते आहे यावर विसंबू नका.

७. वंगण किती आणि कुठे? माझ्या पुंगळ्यांच्या खांद्यावर खळगे पडतात.

खळगे म्हणजे वंगण जास्त झालं. पातळ तेल दाबलं जात नाही. डायमध्ये ते खांद्याशी अडकतं आणि पितळालाच आत ढकलतं. उथळ खळगा पुढच्या वापरात निघून जातो, खोल घडी पडली असेल तर पुंगळी फेका. अंगाला बोटांनी पातळ थर, खांद्याला काहीही नाही, आणि मानेच्या आत कोरडं ग्रॅफाइट किंवा अभ्रकाची भुकटी. एक्सपांडर ओढताना किंचाळल्यासारखा आवाज आला की मान आतून कोरडी आहे आणि पितळ ओढलं जातं आहे.

काम झालं की वंगण पुसून काढाच. पुंगळीने चेंबरच्या भिंतीला धरून बोल्टवरचा जोर कमी करायचा असतो. तेलकट पुंगळी घसरते आणि सगळा भार मागे देते, आणि मागून अडकणाऱ्या बोल्टला तो सर्वांत जड जातो.

८. पुंगळी डायमध्ये रुतून बसली आहे. आता?

दांड्यावर लोंबकळू नका. रिम फाटून निघेल आणि काम अवघड होईल. शक्य असेल तर एक्सपांडरचा दांडा वर काढून घ्या, प्रायमरच्या भोकातून ड्रिल मारा, पाव इंचाचे आटे पाडा, आणि नळीसारख्या आधारातून बोल्ट आवळत पुंगळी खेचून काढा. याचा तयार संच मिळतो. त्या पुंगळीला वंगण लागलं नव्हतं किंवा डाय आतून घाण होती, कारण बहुधा यांतलंच एक असतं.

९. तोंड कापणं खरंच दर वेळी गरजेचं आहे का?

मोजणं दर वेळी, कापणं गरजेपुरतं. .३०-३० ची कमाल लांबी २.०३९ इंच आहे. ओलांडली की २.०२९ च्या आसपास आणायची. मोजणी रीसायझिंगनंतरच करा, कारण डायमध्ये पितळ तोंडाकडे वाहतं.

लिव्हरमध्ये लांबी सारखी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. नळीच्या मॅगझिनमध्ये (काडतुसं साठवायच्या, बॅरलखालच्या नळीत) काडतुसं एकामागे एक असतात. स्प्रिंग आणि धक्का यांनी गोळी पुंगळीत मागे जाऊ नये म्हणून तोंड गोळीच्या खाचेत वळवून क्रिम्प करावं लागतं. पुंगळ्या कमी-जास्त लांब असतील तर एकाला क्रिम्प बसत नाही आणि दुसऱ्याचा खांदाच चुरगळतो. टोकदार गोळ्या या मॅगझिनमध्ये का नकोत हेही इथेच सांगतो: टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर टेकतं. त्यावर हॉर्नडी कंपनीने मऊ टोकाच्या एफटीएक्स गोळ्या काढल्या. त्या .४५-७० मध्ये वापरायच्या तर पुंगळी नेहमीच्या २.१०५ ऐवजी २.०४० इंचापर्यंत आखूड करावी लागते. अशा पुंगळ्यांचा डबा वेगळा ठेवा.

१०. रिकामी पुंगळी सहज बसते, पण भरलेलं काडतूस बसत नाही. डाय तर प्रश्न ६ प्रमाणेच लावली आहे.

मग दोष बहुधा रीसायझिंगचा नाही. काडतुसावर मार्करची शाई लावा, हलकेच आत घाला, काढा, आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहा. खांद्याच्या कडेला पुसली असेल तर क्रिम्प करताना खांदा फुगला आहे. .३०-३० ची भिंत पातळ असते आणि पुंगळी एखाद्या थाऊने लांब असली तरी हे होतं. मी गोळी बसवणं आणि क्रिम्प करणं वेगवेगळ्या वेळी करतो, तेव्हापासून हा त्रास गेला. शाई मानेवर पुसली असेल तर गोळी जाड असावी, विशेषतः घरी ओतलेली शिशाची. गोळीच्याच अंगावर खूण असेल तर ती फार बाहेर बसली आहे.

भरलेलं काडतूस बसवून पाहायचं असेल तर रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून. घरात कधीही नाही.

११. .३५७ मॅग्नम, .४४ मॅग्नम, .४५-७० यांना खांदाच नाही. त्यांचं काय?

खूपच सोपं. .३५७ आणि .४४ साठी कार्बाइडची डाय घ्या, वंगणाची गरज राहत नाही. फक्त ती शेलहोल्डरवर जोराने आदळू देऊ नका. कार्बाइडची रिंग कठीण असते तशी ठिसूळही असते. .४५-७० च्या डाय सहसा साध्या पोलादी असतात, तिथे वंगण लागतंच.

या पुंगळ्यांना दुसरी डाय लागते, तोंड किंचित फाकवणारी. नाहीतर गोळीची कड तोंडाला कातरते. फाकवणं गोळी बसेल एवढंच, कारण दर वेळी फाकवून-वळवून तोंड चिरतं. ओहायो, मिशिगनमधले लोक सरळ पुंगळीबद्दल जास्त विचारतात, कारण हरणाच्या शिकारीत ओहायोत रायफलीला सरळ पुंगळीच्याच काडतुसांची मुभा आहे, आणि मिशिगनच्या दक्षिणेकडच्या मर्यादित विभागातही तसाच नियम होता. त्या विभागात पुंगळीची लांबी १.८० इंचाच्या आत लागायची, म्हणून .४५-७० तिथे बसत नव्हतं. २०२३ मध्ये आलेलं .३६० बकहॅमर .३०-३० च्याच पुंगळीवरून, त्या मर्यादेत बसेल असं बनवलं आहे.

१२. .३५ रेमिंग्टन, किंवा सॅव्हेज ९९ आणि ब्राउनिंग बीएलआर? यांना तर रिमच नाही.

इथे प्रश्न ५ ची चूक जास्त महाग पडते. रिम नाही, म्हणजे काडतुसाला थांबवणारा फक्त खांदा. .३५ रेमिंग्टनचा खांदा तर जेमतेम आहे. तो थोडा जास्त मागे गेला की फायरिंग पिनच्या धक्क्यानेच काडतूस पुढे सरकतं आणि प्रायमर पेटत नाही. 'प्रायमर खराब आहेत' म्हणून आलेल्या तक्रारींत मी आधी डाय सैल करायला सांगतो.

सॅव्हेज ९९ चा बोल्टही मागून अडकतो, तिथे .३०० सॅव्हेजच्या पुंगळ्या लवकर ताणल्या जातात. बीएलआरचा बोल्ट पुढे फिरून अडकतो, त्यामुळे .३०८ सारखा ६२,००० पीएसआयचा दाब तो सहज पेलतो. तिथे ताण कमी, पण बंद करायची ताकद लिव्हरचीच. म्हणून २-३ थाऊ मागे हे त्यालाही लागू.

१३. उडवल्यावर प्रायमर थोडा बाहेर आलेला दिसतो. दाब जास्त झाला का?

बहुतेक वेळा उलटं असतं. फायरिंग पिन काडतुसाला पुढे ढकलते, प्रायमर पेटून मागे येतो, आणि पुंगळीची भिंत चेंबरला चिकटते. दाब पुरेसा असेल तर पुंगळीचं बूड मागे ताणलं जाऊन प्रायमरवर पुन्हा बसतं. दाब कमी असेल तर बूड हलत नाही आणि प्रायमर बाहेरच राहतो. म्हणजे तुम्हाला मागची फट दिसते आहे. .३०-३० मध्ये कारखान्याच्या काडतुसांनाही असं होतं.

यातून दुसरी गोष्ट निघते, ती लक्षात घ्या. प्रायमर समपातळीत आहे म्हणजे फट नव्हती असं नाही. पितळाने ताणून घेऊन ती भरली असेल. खांदा चेंबरजवळ ठेवला की पुंगळी मागे बोल्टला टेकून राहते आणि प्रायमर बाहेर येणं बंद होतं. तरीही बाहेर येत राहिला आणि तो बराच असला, तर गनस्मिथकडून हेडस्पेस तपासून घ्या. चपटा झालेला किंवा छिद्र पडलेला प्रायमर ही मात्र वेगळी आणि गंभीर बाब आहे. तिथे भरणं थांबवा.

१४. पुंगळी कधी फेकायची?

बुडापासून थोडं वर, भिंतीभोवती फिरणारी चमकदार रेघ दिसली की संशय घ्या. डायच्या दाबाचीही रेघ पडते, म्हणून आतून तपासा. पेपरक्लिप सरळ करून टोकाला बारीक आकडा वळवा, टोक धारदार करा, आणि आतल्या भिंतीवरून खालून वर ओढा. खाच लागली की पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे ती चुकून परत डब्यात येणार नाही. त्याच खेपेच्या बाकी सगळ्यांनाही आकडा लावा. मानेला चीर गेली किंवा प्रायमर ढिला बसू लागला तरी हाच निर्णय. किती वेळा टिकते असं विचाराल तर आकडा सांगण्यात अर्थ नाही. डाय दाबून लावणाऱ्याच्या तीन-चारदा टिकतात, आणि माझ्या एका खेपेची नववी फेरी चालू आहे.

१५. अ‍ॅनीलिंग काय असतं? घरी करता येईल का?

पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम पाहिलं असेल तर तुम्हाला हे अर्धं ठाऊक आहे. तांब्यावर हातोडी पडत गेली की ते कडक होतं आणि भांड्याला ताठपणा येतो. पण आणखी घडवायचं असेल तर भट्टीत तापवून मऊ करावं लागतं, नाहीतर चिरतं. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, आणि डाय म्हणजे तिची हातोडी. दर वेळी फुगणं, दबणं, क्रिम्प होणं यांनी मान कडक होते. मग ती दाबूनही मागे उसळते, गोळी नीट धरत नाही आणि शेवटी चिरते.

उपाय म्हणजे फक्त मान आणि खांदा काही सेकंद तापवणं. तापमान सुमारे ७५० फॅरनहाइट, म्हणजे ४०० सेल्सिअस. अंदाजाने करण्यापेक्षा त्या तापमानाला वितळणारा रंग मानेच्या आत लावा. पुंगळी सॉकेटमध्ये धरून ड्रिलने हळू फिरवा, ज्योत मानेवर ठेवा, रंग पालटला की खाली सोडा. पाण्यात टाकल्याने पितळ कडकही होत नाही आणि मऊही. तिथे ते पोलादासारखं वागत नाही. पाणी फक्त उष्णता बुडाकडे जाण्याआधी थांबवतं.

बूड कधीही तापू देऊ नका. सगळा दाब तेच पेलतं. ओव्हनमध्ये ट्रे ठेवून अख्ख्या पुंगळ्या भाजायचा विचार एकाने कळवला होता, त्याला मी त्याच मिनिटाला फोन केला. बूड मऊ झालेली पुंगळी फुटली तर वायू डोळ्यांच्या दिशेने येतो.

अ‍ॅनीलिंगनंतर पितळ कमी उसळतं, म्हणून खांदा त्याच डायमध्ये एखादा थाऊ जास्त मागे जातो. माप पुन्हा घ्या.

१६. पितळेच्या भांड्यांचं पॉलिश वापरून पुंगळ्या चकचकीत केल्या तर?

त्यात अमोनिया असेल तर अजिबात नको, आणि बऱ्याच पॉलिशमध्ये असतो. याची गोष्ट भारतातलीच आहे. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत साठवून ठेवत आणि पाऊस सरल्यावर पुंगळ्या चिरलेल्या सापडत. ऋतूचा दोष म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. उलगडा झाला १९२१ साली: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि घडवताना पितळात राहिलेला ताण. तुमच्या रीसायझिंगनेही तोच ताण पुंगळीत राहतो.

मक्याच्या बुरकुंडाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुगा घालून टंबलरमध्ये फिरवा, पुरे. चकाकीने नेम सुधारत नाही. पण टंबलरच्या धुळीत प्रायमरमधलं शिसं असतं. तो गॅरेजमध्ये झाकण लावून चालवा, स्वयंपाकघरात नाही. भुगा चाळताना मुलं जवळ नकोत, आणि हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावू नका.

१७. प्रायमर बसवल्यावर लक्षात आलं की काही पुंगळ्या दाबायच्याच राहिल्या. आता?

दारू नसेल तर डायमधून पिनचा दांडा पूर्ण काढून पुंगळी दाबता येते. चष्मा लावा आणि हळू करा. दांडा काढल्यामुळे मानेचं आतलं माप एक्सपांडरविना जरा लहान राहील, ते फाकवणाऱ्या डायने ठीक करा. दारू भरलेली असेल तर आधी ती आणि गोळी काढून घ्या. भरलेलं काडतूस रीसायझिंग डायमध्ये कधीही घालायचं नाही.

१८. रेंजवर उचललेल्या पुंगळ्या चालतील?

चालतात, पण त्या दुसऱ्याच्या चेंबरच्या मापाच्या आणि किती वेळा वापरल्या ते अज्ञात. आधी प्रश्न १४ चा आकडा लावा. मग पहिल्या वेळी डाय शेलहोल्डरला टेकवून दाबा आणि सौम्य भाराने उडवा. त्यानंतर त्या तुमच्या रायफलीच्या झाल्या, पुढे प्रश्न ६ प्रमाणे. बीएलआरवाल्यांना लष्करी ७.६२ च्या (.३०८ ला चालणाऱ्या) पुंगळ्या मिळतात. त्यांच्या प्रायमरभोवतीचा क्रिम्प काढावा लागतो, आणि मशीनगनमधून आलेल्या असतील तर बुडाजवळ इतक्या फुगलेल्या असतात की स्मॉल बेस डायच (बुडाजवळ जास्त आवळणारी) लागते. भिंत जाड असल्याने आत जागाही कमी असते, म्हणून भार खालून सुरू करा.

१९. माझ्याकडे मार्लिन ३३६ आणि सासऱ्यांची विंचेस्टर ९४, दोन्ही .३०-३०. एकच काडतूस दोघांत चालावं असं दाबता येईल?

दोन्हींच्या उडवलेल्या पुंगळ्यांची खांद्यापर्यंतची मापं घ्या. फरक ३-४ थाऊचा असेल तर लहान चेंबरच्या मापाने सगळ्या दाबा आणि विषय संपला. माझ्या दोन रायफलींत फरक ११ थाऊ निघाला. एकाच मापाने दाबल्या असत्या तर मोठ्या चेंबरच्या रायफलीने दर वेळी तेवढं पितळ ताणलं असतं. म्हणून माझ्याकडे दोन डाय आहेत, दोन्हींच्या लॉक रिंग आवळलेल्या, आणि दोन डबे आहेत. एका डब्यातल्या पुंगळ्यांच्या बुडावर लाल मार्करचा ठिपका आहे. शिकारीला निघताना रायफल कपाटातून काढली की आधी तो ठिपका पाहतो.